बेळगावला उतरणारं विमान

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी तुम्ही दोघं एकदम फोनवर आलात आणि थोरलीने सांगितलं, की ती नव्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात चालली आहे. धाकटा एकटा राहणार म्हणून मी गप्प झाले, ते तुमच्या लक्षात आलं. मग तुम्ही माझी समजूत घातलीत. दोन्ही गावांना छोटे विमानतळ आहेत, मधलं अंतर अडीचशे मैल, विमानाला लागतात पन्नास मिनिटं. "काही झालं तर तासाभरात पोचते गं आजी, काळजी कशाला करतेस?" मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आठवडाभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण ते मी पूर्वी एकदा ऐकलेलं आहे. आमच्या ओटीवर, माझ्या भावाच्या तोंडून. तेव्हाही अंतर जवळजवळ तेवढंच होतं.

तुम्हाला घाबरवायला मी लिहीत नाही. तिने जावं, नोकरी चांगली आहे. पण त्या पावसाळ्याची हकीकत मी तुमच्या आईलाही कधी नीट सांगितली नाही, आणि ती माहीत असलेलं आता माझ्याशिवाय कोणी राहिलेलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ओळी सरळ येतात, तेवढ्यात लिहून टाकते. तुम्ही मराठी सावकाश वाचता, म्हणून क्रमाने सांगते. घरातली माणसं मालवणीत बोलत, ते तसंच ठेवलं आहे. मोठ्याने वाचलंत तर कळेल.

आमचं घर मालवणच्या बंदराजवळ होतं. वडिलांची एका गलबतात भागी होती. कौलं, मीठ, तांदूळ, जे मिळेल ते भरून ते खाली कालिकतपासून वर मुंबईपर्यंत जात. तरुणपणी त्यांनी कराचीसुद्धा पाहिली होती. पण घाट ते कधी चढले नव्हते. चढायचं कारणच पडलं नाही. आम्हा बंदरातल्या माणसांचं जाणंयेणं सगळं समुद्राने. मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राही, तिथून होडीने माणसं किनाऱ्याला येत आणि पाच मिनिटांत घरी. बोटीचा भोंगा ऐकू आला की आई चुलीवर भात ठेवायची. पाहुणा पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भात शिजलेला असे. यात कधी चूक झाल्याचं मला आठवत नाही.

पावसाळ्यात मात्र बोटी बंद. गलबत किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवायचं आणि पुढचे चार महिने मुंबईत असलेलं माणूस मुंबईतच आहे असं धरून चालायचं.

माझा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, घरातला एकुलता मुलगा. मुंबईत एका कापडाच्या पेढीत कारकून होता. मी मॅट्रिक होऊन गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं. त्या वर्षी मे महिन्यात तो रजेवर आला तेव्हा आईला चालताना धाप लागू लागली होती. दोन पायऱ्या चढली की खांबाला धरून उभी राही. त्याची रजा संपत आली, शेवटची बोट सुटायला दोन दिवस उरले, आणि त्याचा पाय निघेना.

"आये, मी रवतंय. रजा वाढवून घेतंय."

"चार महिन्यांची रजा कोण देता तुका?" आई म्हणाली. "मामाची पेढी आसा काय ती?"

"आणि काय झाला तर?"

"काय होवचा नाय माका. तू जा."

मग तो ते वाक्य म्हणाला. "आता विमान आसा. मुंबैसून बेळगाव पावणेदोन तास. तार करा, दुसऱ्या दिसाक मी हय."

गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते. विमान उतरायची जागा आम्हाला तिथे जवळ पडली असती, पण इन्सुलीच्या पुढे सरहद्द बंद होती, आणि ते विमान आमच्या उपयोगाचं नव्हतं. आपल्या बाजूला जवळचा विमानतळ म्हणजे बेळगावचा. तिथे मुंबईहून डकोटा विमान येई, असं भाऊ पेढीतल्या लोकांकडून ऐकून होता.

आमची आत्या, म्हणजे वडिलांची विधवा बहीण, सुपारी कातरत बसली होती. तिने विचारलं, "वर आभाळात नांगर खंय टाकतत रे?"

"नांगर लागणा नाय गो आते. ता मधी खंय थांबणा नाय."

"मगे मुतूक खंय जातत?"

आई हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. भावाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. आत्याचं तोंड असंच होतं, पण त्या दिवशी तिनेच ओटीवरचा ताण घालवला.

वडिलांना मात्र गोष्टीचा हिशेब हवा होता. "किती मैल?" त्यांनी विचारलं.

"सरळ रेघेत अडीचशे."

"वारो उलटो असलो तर?"

"तरी पावणेदोनच, बाबा."

उलट्या वाऱ्यातही तेवढाच वेळ, ही गोष्ट वडिलांना फार मोठी वाटली. पुढचे कितीतरी दिवस ते बंदरावर भेटेल त्याला ती सांगत होते. भाऊ शेवटच्या बोटीने गेला. आईला बंदरापर्यंत चालवेना, ती ओटीवरच बसून राहिली.

आषाढात आईचे पाय सुजले. मग आडवं झालं की श्वास लागे, म्हणून तिला भिंतीला टेकून बसवून ठेवत असू. डॉक्टर रोज येत. ते म्हणाले, मुलाला बोलवा. इंग्रजीत तार मीच लिहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं: उद्या सकाळी दहाच्या विमानाने निघतो.

तार मी आईला वाचून दाखवली. तिने ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि उशीखाली ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. त्या रात्री ती बसल्या बसल्या बरी झोपली.

सकाळी डॉक्टर आले ते मोटारीतून. माझा चुलत भाऊ जवळच राहायचा, त्याने एका व्यापाऱ्याची मोटार मागून आणली होती. डॉक्टर वडिलांना म्हणाले, "हृदय थकलं आहे. माझ्याकडे होतं ते सगळं मी दिलं. बेळगावला मोठं इस्पितळ आहे. वाटेतल्या नदीवर तर चालू आहे तोवर निघा."

मालवणहून घाटाकडे जाताना तेव्हा नदीवर पूल नव्हता. मोटार तरीवर, म्हणजे मोठ्या सपाट होडीवर, चढवून पलीकडे न्यावी लागे, आणि पाणी वाढलं की तर बंद.

आईने ते आतून ऐकलं. "आज माझो झील येतासा. तो येयसर मी खंय जावचंय नाय."

"अहो, तो बेळगावलाच उतरणार ना?" डॉक्टर म्हणाले. "मग तिथेच भेटेल तुम्हाला."

वडील म्हणाले, "भेटतलो कसो? तो खाली येवक सुटतलो, आमी वर जावक सुटतलव. वाटेर चुकामूक झाली तर?"

"तो हय पोचतलो आणि घराक कुलूप," आत्या म्हणाली. "आवशीक बघूक इलो, आणि आवस गाडयेत."

डॉक्टरांनी चुलत भावाकडे पाहिलं. त्यालाही ते पटलेलं दिसलं. मलाही पटलं. डॉक्टर आमच्यासारखे बंदरातलेच, मुंबईला शिकले ते बोटीने जाऊन येऊन. ते एवढंच म्हणाले, "बघा. पण फार थांबू नका."

"दुपारपर्यंत बघूया," वडील म्हणाले. "तो इलो काय तेका घेऊन सगळीच वर जावया."

मोटार दारात उभी राहिली.

पाऊस सकाळी बारीक होता. वडील दर थोड्या वेळाने अंगणात जाऊन वर पाहत. ढग माडांच्या शेंड्यांपर्यंत खाली आले होते. पावणेबाराला ते आत आले आणि आईजवळ बसून म्हणाले, "आता उतरलो असतलो."

"भात ठेव गो," आई मला म्हणाली.

मी भात ठेवला. आमच्या घरात माणूस उतरलं की भात ठेवत, आणि तो उतरला होता. बेळगाव आणि आमचा पाट यांच्यामध्ये किती रस्ता आहे, हे त्या दिवशी घरात कोणाच्या मनातच आलं नाही. भात शिजला, मी तो उतरवला. दोन वाजता झाकण काढून पाहिलं तेव्हा तो गार होत आला होता. आई म्हणाली, "तो ऱ्हवांदे. तेका गरम दुसरो कर."

तीनच्या सुमाराला पाऊस असा लागला, की समोरचं गलबत दिसेना. चुलत भाऊ मोटार घेऊन पुढचा अंदाज घ्यायला गेला आणि तासाभराने भिजून परत आला. नदीचं पाणी चढलं होतं, तरवाल्यांनी तर बांधून ठेवली होती. आता कोणी वर जाऊ शकत नव्हतं आणि कोणी खाली येऊ शकत नव्हतं. हे त्याने स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात सांगितलं. वडील ऐकून परत आईजवळ गेले.

"उतरलो ना तो?" आईने विचारलं.

"उतरलो. वाटेर आसा."

"पाऊस आसा मोठो. तेच्याकडे छत्री आसा मा?"

"आसा."

त्यानंतर ती दाराकडे बघत राहिली. सकाळ उजाडता उजाडता ती गेली. तोंडात पाणी आधी आत्याने घातलं, मग मी. वडील तिचा हात धरून बसले होते, त्यांनी तो सोडला नाही, म्हणून आत्याने त्यांना पाणी घालायला सांगितलं नाही.

मुलाने अग्नी द्यायचा असतो. आम्ही थांबलो. गावातली माणसं छत्र्या आणि इरली घेऊन अंगणात उभी होती. पावसात लाकडं किती वेळ कोरडी राहणार, हे सगळ्यांना कळत होतं. दुपार झाल्यावर गलबत हाकणारे गावातले एक वयस्कर तांडेल वडिलांना म्हणाले, "आता तिका तिष्टवू नको रे." मग चुलत भावाने डोकं भादरून घेतलं आणि माझ्या भावाच्या जागी त्याने सगळं केलं.

ते स्मशानातून परत आले आणि पाठोपाठ तारवाला आला. तार आदल्या दिवशीची होती, पावसात कुठेतरी अडकली होती. विमान परतलं, रस्त्याने येतो. मी वाचून दाखवली. वडिलांनी ती माझ्याकडून घेतली, जशी आईने घेतली होती तशीच उलटसुलट पाहिली, आणि विचारलं, "परतला म्हणजे? उतराकच नाय?"

"नाय, बाबा."

मुंबईहून गाड्या बदलत बदलत भाऊ तिसऱ्या दिवशी नदीपर्यंत आला. पलीकडच्या तीरावर कोणी अडकलं आहे असा निरोप आम्हाला मिळाला आणि चुलत भाऊ निघाला. मीही निघाले. आत्या म्हणाली, सुतकात मुलीने असं बाहेर पडू नये. वडील म्हणाले, "जावंदे तिका."

नदी लाल आणि फुगलेली होती. पलीकडे सात-आठ माणसं उभी होती. त्यात मला तो ओळखू आला, हातात पत्र्याची ट्रंक होती. पाण्याच्या आवाजात हाक पोचण्यासारखी नव्हती. त्याला कसं सांगायचं, हा विचार मी सबंध वाटभर करत आले होते. चुलत भावाच्या डोक्यावर टोपी होती. त्याने हात वर करून त्याचं लक्ष वेधलं आणि मग टोपी काढली.

भावाने ते भादरलेलं डोकं पाहिलं. त्याने ट्रंक खाली ठेवली आणि तिच्यावर बसला. पाणी ओसरून तर सुटेपर्यंत तो तिथे तसाच बसला होता, आणि आम्ही दोघं या बाजूला उभे होतो.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस भेटायला येणाऱ्या माणसांत गेले. मग एका दुपारी, मी तांदूळ निवडायला बसले होते तेव्हा, माझ्याजवळ येऊन बसला. विमानात माणसं थोडीच होती, म्हणाला. निघताना मुंबईला ऊन होतं. पुढे खिडकीबाहेर पांढरं, दुसरं काहीच नाही. "मगे सांगल्यानी, आता बेळगावच्यार आसव. खाली बेळगाव आसा. चार घिरट्यो घातल्यानी गो. धावपट्टी दिसाक नाय म्हणान परत फिरले." तांदळातले खडे तो एकेक करून बाजूला ठेवत होता. "पावणेदोन तासांनी पोचलंय मी. खाली उतरूक गावला नाय, एवढाच."

चूल पेटवून मी भात ठेवला होता, तेव्हा तो ढगांच्या वर होता. ही वेळ मी पुढे अनेकदा जुळवून पाहिली आहे.

तेरावं झालं. बोटी सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून त्याला रस्त्यानेच परत जायचं होतं. आंबोली घाटाने बेळगाव आणि तिथून रेल्वे. वडील अचानक म्हणाले, मी येतो बेळगावपर्यंत, विमान उतरतं ती जागा मला बघायची आहे. परतताना ते एकटे नकोत म्हणून मीही गेले.

सावंतवाडी सोडल्यावर गाडी चढू लागली. वडील खिडकीशी बसले होते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दोन्हींच्या मध्ये एका गाडीपुरता रस्ता. अर्ध्यावर एका वळणावर समोरून मालाची गाडी आली. दोन्ही गाड्या थांबल्या. जाण्यासारखी जागा नव्हती. आमच्या गाडीने मागे मागे येत कातळाला चिकटून जागा दिली, तेव्हा ती हळूहळू पुढे सरकली. इतकी जवळून, की त्या गाडीत बसलेल्या माणसाच्या तोंडातली विडी मला दिसली.

वडिलांनी मान वळवून ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. मग खालच्या वळणांकडे पाहिलं, मग वरच्या.

"दुसरो रस्तो खंय आसा?" त्यांनी भावाला विचारलं.

"घाटात? नाय, बाबा. हो एकच."

"वर जाणारो आणि खाली येणारो, दोगय हेच्यावरसून?"

"होय."

"मगे चुकामूक कशी होतली?"

भावाला त्या सकाळी ओटीवर काय बोलणं झालं ते माहीत नव्हतं. आम्ही कोणी त्याला सांगितलं नव्हतं. तो सहज म्हणाला, "चुकामूक कशी होयत? समोरासमोर येवकच होया."

समुद्रावर दोन गलबतं धुक्यातून एकमेकांच्या शेजारून निघून जातात आणि दोघांनाही पत्ता लागत नाही. वडिलांनी ते जन्मभर पाहिलं होतं, आणि त्या सकाळी त्यांनी रस्त्याचा विचार समुद्रासारखाच केला होता. मला हे गाडीत बसल्या बसल्या कळलं, त्यांनाही त्याच वेळी कळलं. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मी भावाला काही सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. विमान उतरलंच नव्हतं, त्यामुळे आई त्याला घाटात भेटली नसतीच. पण ती इस्पितळात पोचली असती. तिथे तो रस्त्याने पोचेपर्यंत ती राहिली असती का, हे मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारायचं धैर्य आमच्यापैकी कोणाला झालं नाही.

बेळगावला पोचलो तेव्हा आभाळ मोकळं होतं. भाऊ म्हणाला, विमानाची जागा इथून थोडीशीच दूर आहे, टांगा करू. वडील म्हणाले, "नको. माका आता काय बघूचा नाय." ते स्टँडवरच्या बाकावर बसून राहिले. भाऊ रेल्वेकडे गेला, आणि आम्ही दुसऱ्या गाडीने त्याच घाटाने खाली आलो. येताना वडील खिडकीशी बसले नाहीत.

त्यानंतर ते बारा-तेरा वर्षं जगले. गलबतातली भागी त्यांनी काढून घेतली. विमानाचं बोलणं त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. भाऊ दरवर्षी गणपतीला रस्त्याने येई, पोचल्यावर आईच्या जागेपाशी थोडा वेळ उभा राही, आणि वडील तेवढा वेळ परसात जात.

आता ती सगळी माणसं गेली. मुंबईची बोट बंद झाली, गलबत मोडून त्याची लाकडं कोणीतरी नेली, नदीवर पूल झाला. दोडामार्गाकडून तिलारीच्या घाटानेही आता बेळगावला जाता येतं. आंबोलीचा रस्ता रुंद केला आहे, वळणांवर कठडे बांधले आहेत. तो रस्ता अजून तिथेच आहे; तुमच्या दोन गावांमध्येही जमिनीवरचा एक असेल, तो दोघांनी मिळून एकदा गाडीने बघून ठेवा.